चेहऱ्यावर उतरणारी हवा

चांदवडच्या पेठेत दुकानाचे शटर वर गेले की पहिले काम ठरलेले असते. गल्ला, काटा आणि काउंटर ओल्या फडक्याने पुसून घ्यायचा. रात्रभर बंद असलेल्या दुकानातूनही फडके काळपट होऊन निघते. दुपारी पुन्हा पुसले तरी संध्याकाळी बोट फिरवल्यावर रेघ उमटतेच. मुंबई–आग्रा महामार्ग गावाला लागून जातो. राहूड घाट चढणारे मालवाहू ट्रक खालच्या गिअरमध्ये धूर सोडत कण्हत जातात. हंगामात कांद्याने भरलेले ट्रॅक्टर बाजार समितीकडे येत राहतात, आणि खळ्यांवर प्रतवारी सुरू झाली की कांद्याचे सुकलेले पापुद्रे वाऱ्याबरोबर उडत घरांच्या ओट्यांपर्यंत पोहोचतात. व्यापारी घरांना या धुळीची सवय झालेली असते. धूळ आहे म्हणजे धंदा चालू आहे, इतकाच तिचा अर्थ लावला जातो.

काउंटर दिवसातून दोनदा पुसला जातो. त्याच काउंटरमागे दहा-बारा तास बसणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावरही ही धूळ तितकीच बसत असते. मात्र तिचा हिशेब कोणी ठेवत नाही. तो निघतो तेव्हा बहुधा भलत्याच्याच नावावर निघतो.

फोटोआधीचे तीन आठवडे

असे एक घर डोळ्यांसमोर आणावे. त्याला नाव देण्याची गरज नाही, कारण ते चांदवडला आहे तसे मनमाडला, लासलगावला, येवल्याला आणि मालेगावलाही आहे. घरातील मुलगी एकोणीस-वीस वर्षांची. स्कूटीवरून कॉलेजला जाते, सुट्टीच्या दिवशी दुकानात बिले करायला बसते. तिच्या गालांवर आणि हनुवटीवर मुरूम येऊ लागतात. दादीजी म्हणतात, तळलेले बंद कर. काकू म्हणतात, चेहरा नीट धूत नसशील. आई काही बोलत नाही. पण युवक-युवती परिचय संमेलनाच्या पुस्तिकेसाठी फोटो पाठवण्याची तारीख जवळ येते, तशी तिची झोप उडते.

मग ओळखीच्या मेडिकलमधून एक लहानशी ट्यूब घरी येते. दुकान नात्यातल्याच माणसाचे, तिथे डॉक्टरांची चिठ्ठी कोण मागणार? आठ दिवसांत लाली उतरते, तीन आठवड्यांत चेहरा उजळतो, फोटो सुरेख येतो. काम झाले म्हणून ट्यूब बंद केली जाते आणि काही दिवसांतच चेहऱ्याची आग होऊ लागते. मुरूम पूर्वीपेक्षा अधिक जोमाने उठतात. पुन्हा ट्यूब, पुन्हा तात्पुरता आराम. असे वर्ष जाते. उन्हात गेल्यावर चेहरा लालबुंद होतो, गालांवर बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात आणि पाहुणे आले की मुलगी आतल्या खोलीत जाऊन बसते.

या घरात कोणाचा हेतू वाईट नव्हता. दादीजींना काळजी होती, आईला काळजी होती, मेडिकलवाल्यालाही उपकारच करायचा होता. परंतु दोष पुरता मुलीच्या सवयींवर टाकला गेला आणि उपाय घाईचा निवडला गेला. या दोन चुका टाळायच्या असतील, तर मुरूम म्हणजे काय आणि हवेचा त्याच्याशी संबंध कोणता, हे आधी समजून घ्यावे लागते.

मुरूम कसा तयार होतो

चेहऱ्याच्या त्वचेत तैलग्रंथी फार दाट असतात. एका चौरस सेंटिमीटरमध्ये त्यांची संख्या शेकड्यांत जाते. या ग्रंथी केसाच्या मुळाशी उघडतात आणि तिथून येणारा तेलकट स्राव त्वचेला मऊ ठेवतो, तिचे रक्षण करतो. वयात येताना संप्रेरकांच्या प्रभावाने हा स्राव वाढतो. त्याच वेळी छिद्राच्या तोंडाशी मृत पेशी साचून बूच बसते. आत अडकलेल्या तेलावर त्वचेवर एरवीही राहणारे जिवाणू वाढतात, शरीर त्याला प्रतिकार करते, सूज येते, आणि मुरूम दिसू लागतो.

म्हणून मुरूम हा अस्वच्छतेचा पुरावा नाही. नाकावर दिसणाऱ्या काळ्या टिपक्यांना लोक मळ समजतात. तोही मळ नसतो. छिद्रातील रंगद्रव्य आणि तेल हवेच्या संपर्कात आल्याने काळे पडलेले असते. तो टिपका घासून जात नाही, उलट घासण्याने त्वचा सोलवटते. किशोरवयापासून चोविशीपर्यंत बहुतेक मुलामुलींना कमीअधिक मुरूम येतात. आनुवंशिकता, संप्रेरके, अतिगोड आहार, तेलकट प्रसाधने, मानसिक ताण अशी अनेक कारणे त्यात एकत्र येतात. प्रदूषित हवा हे त्यांपैकीच एक कारण आहे. ती एकटी मुरूम निर्माण करते असे सांगणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु असलेला त्रास ती वाढवते, हे आता दुर्लक्ष करण्यासारखे राहिलेले नाही.

कण केवढा, परिणाम केवढा

मनुष्याचा केस साधारण 50 ते 70 मायक्रॉन जाड असतो. हवेतील ज्या कणांना पीएम 10 म्हणतात, ते 10 मायक्रॉन किंवा त्याहून लहान असतात. पीएम 2.5 हे कण तर केसाच्या जाडीच्या विसाव्या हिश्शाहूनही लहान. रस्त्यावरची माती, खळ्यावरचा भुसा यांतील जाड कण डोळ्यांना दिसतात, घशाला लागतात आणि बरेचसे खाली बसतात. डिझेलच्या धुरातील काजळी, जळत्या कचऱ्याचा धूर आणि लाकूडफाट्याचा धूर यांतील सूक्ष्म कण डोळ्यांना दिसत नाहीत. ते हवेत तरंगत राहतात.

काजळीचा कण एकटा येत नाही. अपुऱ्या ज्वलनातून तयार झालेली अनेक कर्बसंयुगे त्याच्या अंगाला चिकटलेली असतात. ही संयुगे पाण्यात विरघळत नाहीत. तेलात मात्र सहज मिसळतात. चेहऱ्यावर तेलाचा थर असतोच. त्यामुळे धुराने भरलेल्या रस्त्यावरून आलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर ही द्रव्ये तेलात मिसळून राहतात आणि छिद्रांच्या तोंडाशी साचतात. त्वचेच्या पेशी त्यांना परके द्रव्य म्हणून ओळखतात व सूज आणणारे संदेश पाठवू लागतात.

दुसरा परिणाम तेलावरच होतो. त्वचेच्या स्रावात स्क्वालीन नावाचा घटक विपुल असतो. धूर, ओझोन आणि ऊन यांच्या संयोगाने त्याचे ऑक्सिडीकरण होते. उघड्यावर राहिलेले तेल जसे खवट होते, तसाच हा प्रकार. असे बिघडलेले स्क्वालीन छिद्रे बंद करणारे आणि दाह वाढवणारे ठरते. त्वचेतील जीवनसत्त्व ई हे या बिघाडाला आवर घालते; परंतु प्रदूषित शहरांत राहणाऱ्यांच्या त्वचेत तेच कमी झालेले आढळते. मेक्सिको सिटी आणि तुलनेने स्वच्छ हवेचे क्वेर्नावाका या दोन शहरांतील रहिवाशांच्या त्वचेची तुलना केली असता मेक्सिको सिटीत स्राव अधिक, तर जीवनसत्त्व ई आणि स्क्वालीन कमी दिसून आले.

बीजिंगमध्ये रोजची हवा आणि त्वचारोग विभागात मुरुमांसाठी येणारे रुग्ण यांचा मेळ घालणारा अभ्यास 2018 साली प्रसिद्ध झाला. पीएम 2.5, पीएम 10 आणि नायट्रोजन डायऑक्साइड यांचे प्रमाण वाढले की मुरुमांचे रुग्णही वाढतात, असे त्यात दिसले. जर्मनीत वयस्कर स्त्रियांच्या एका दीर्घ अभ्यासाने 2010 साली वेगळीच बाजू पुढे आणली. वाहनांची काजळी ज्यांच्या वाट्याला अधिक आली, त्यांच्या कपाळावर आणि गालांवर काळसर डाग अधिक होते. मुरूम तारुण्याबरोबर ओसरतो. हवेने दिलेले डाग मात्र म्हातारपणापर्यंत सोबत करतात.

हवेतील विषाने चेहऱ्यावर फोड येतात याचा अगदी ढळढळीत दाखला इटलीतील सेव्हेसो गावाने दिला आहे. 10 जुलै 1976 रोजी तिथल्या रासायनिक कारखान्यातून डायऑक्सिन या विषारी द्रव्याचा ढग बाहेर पडला. त्यानंतर अनेक लहान मुलांच्या चेहऱ्यांवर मुरुमांसारखे चिवट फोड उठले. ती दुर्घटना होती आणि मात्रा प्रचंड होती. चांदवडच्या धुळीशी तिची बरोबरी होत नाही. परंतु क्लोरीन असलेले प्लास्टिक उघड्यावर जाळले की अल्प प्रमाणात का होईना, हेच द्रव्य तयार होते. गोदामामागे कचऱ्याला काडी लावणाऱ्याने एवढे लक्षात ठेवलेले बरे.

लहान गावाची हवा

प्रदूषण म्हटले की दिल्ली आठवते. फार तर मुंबई, पुणे. केंद्र सरकारने जानेवारी 2019 मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला आणि त्यात नाशिक शहराचा समावेश झाला. ती यादी शहरांची आहे. पण नाशिकपासून साधारण 65 किलोमीटरवरच्या चांदवडला डोंगर दिसतात, आकाश निळे असते, म्हणून तिथे काळजीचे कारण नाही असे मानणे योग्य नव्हे.

सातमाळा रांगेच्या कुशीतला हा भाग कमी पावसाचा. जमीन कोरडी, माती मोकळी, वारा मोठा. त्यात महामार्गाची वाहतूक. एप्रिल-मे महिन्यांत उन्हाळ कांदा निघतो, चाळींत भरला जातो आणि पुढे कित्येक महिने थोडाथोडा बाहेर येतो. साठवलेल्या कांद्याच्या पापुद्र्यांवर अनेकदा काळी बुरशी असते. प्रतवारी करताना पापुद्र्यांच्या भुकटीबरोबर तिचे बीजाणूही उडतात. त्यांनी कोणाला शिंका येतात, कोणाच्या डोळ्यांना खाज सुटते, कोणाच्या मानेवर आणि कोपरांच्या घड्यांत पुरळ येते. हे पुरळ म्हणजे मुरूम नव्हेत. त्याचा उपचारही वेगळा असतो. दोन्हींवर एकच मलम लावण्याचा प्रघात त्यामुळेच घातक आहे.

थंडीत आणखी एक गोष्ट घडते. शेजारच्या निफाडचा पारा राज्यात सर्वांत खाली गेल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. अशा रात्री जमिनीलगतची हवा गार व जड होऊन खाली बसते आणि वरच्या उबदार थराचे तिच्यावर झाकण पडते. मग संध्याकाळी पेटवलेल्या शेकोटीचा, जाळलेल्या पाल्याचा आणि ट्रकचा धूर सकाळपर्यंत गावातच अडकून राहतो. कोरड्या थंडीने त्वचा आधीच फुटलेली असते. तिच्या तटाला बारीक भेगा पडलेल्या असताना हा धूर तिला अधिक झोंबतो.

भारतीय मानकानुसार पीएम 2.5 चे प्रमाण चोवीस तासांच्या सरासरीत एका घनमीटर हवेत 60 मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक नसावे. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 साली हीच मर्यादा 15 वर आणली. चौपट अंतर आहे. कागदावर निर्दोष ठरलेली हवा शरीराला निर्दोष वाटेलच असे नाही.

घाईचे मलम

आता त्या ट्यूबकडे वळले पाहिजे. मुरूम, काळे डाग, नायटा, खाज अशा सगळ्यांवर चालणारे म्हणून जे मलम सांगितले जाते, त्यात बहुधा स्टेरॉइड असते. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन ही त्यांपैकी काहींची नावे. योग्य रोगावर, योग्य जागी, मोजक्या दिवसांसाठी तज्ज्ञाने दिलेले स्टेरॉइड हे उत्तम औषध आहे. चेहऱ्यावर आठवडेच्या आठवडे लावले की तेच त्वचा पातळ करते, रक्तवाहिन्या उघड्या पाडते, ऊन सहन होऊ देत नाही, क्वचित चेहऱ्यावर लव वाढवते आणि स्वतःच नवे मुरूम आणते. बंद केल्यावर चेहरा पेटतो, म्हणून ते सोडवत नाही. या अवस्थेला भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी स्टेरॉइडने बिघडलेला चेहरा असे स्वतंत्र नावच दिले आहे.

देशातील अनेक केंद्रांवर चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या 2926 रुग्णांची पाहणी 2011 साली प्रसिद्ध झाली. त्यांपैकी 433 जण चेहऱ्यावर स्टेरॉइड लावत होते. निम्म्याहून अधिकांना ते डॉक्टरांनी सांगितलेले नव्हते. मित्र, नातेवाईक, ब्यूटी पार्लर किंवा औषध दुकानदार यांच्या सल्ल्याने ते सुरू झाले होते. पुढे 2018 साली सरकारने अशा अनेक मलमांना शेड्यूल एच मध्ये आणले. म्हणजे चिठ्ठीशिवाय त्यांची विक्री कायद्याने करता येत नाही.

जैन समाजातील अनेक कुटुंबे औषधविक्रीच्या व्यवसायात आहेत. चांदवडला 1928 साली कर्मवीर केशवलालजी हरकचंदजी आबड यांनी स्थापलेल्या श्री नेमिनाथ जैन ब्रह्मचर्याश्रमाच्या परिसरात आज औषधनिर्माणशास्त्राचे महाविद्यालयही आहे. ज्या समाजाने औषधाचे शिक्षण गावात आणले, त्या समाजाच्या दुकानातून ओळखीपाळखीवर स्टेरॉइडची ट्यूब जाऊ नये, ही अपेक्षा अवाजवी नाही. नात्यातल्या माणसाला चिठ्ठी मागणे संकोचाचे वाटते खरे. पण तो नात्यातला आहे, म्हणून तर ती अधिक आग्रहाने मागितली पाहिजे.

जिच्या चेहऱ्यावर असे मलम आधीच महिनोन्‌महिने लागत आहे, तिने ते घाबरून एकदम फेकून देऊ नये आणि दुसऱ्या नावाने पुन्हा सुरूही करू नये. त्वचारोगतज्ज्ञांना ट्यूब दाखवून, किती दिवस लावली ते खरे सांगावे. त्वचा सावरायला काही महिने लागतात. पण बहुतेकांची सावरते.

चेहऱ्यासाठी काय करावे

काळजी साधी आहे आणि खर्चाचीही नाही. दिवसातून दोनदा, सौम्य फेसवॉश किंवा सौम्य साबणाने, कोमट वा साध्या पाण्याने चेहरा धुवावा. त्यातली एक वेळ खळ्यावरून, दुकानातून किंवा प्रवासातून घरी परतल्यावरची असावी. त्वचेचा स्वभाव किंचित आम्ल असतो आणि कपड्याचा वा अंगाचा कडक साबण अल्कधर्मी. दिवसातून पाच-सहा वेळा साबण लावल्याने धूळ अधिक निघत नाही. त्वचेचे स्वतःचे रक्षण मात्र निघून जाते. बेसन, मीठ किंवा अक्रोडाच्या टरफलाची पूड चेहऱ्यावर घासू नये. लिंबू आणि टूथपेस्ट मुरुमांवर लावणे तर पूर्ण टाळावे.

धुतल्यानंतर छिद्रे बंद न करणारे हलके मॉइश्चरायझर लावावे, दिवसा सनस्क्रीन लावावे. तेलकट त्वचेलाही ओलाव्याची गरज असते. डोक्याला तेल लावण्याची चाल घराघरांत आहे. ते कपाळावर ओघळले की केसांच्या कडेने मुरूम येतात. म्हणून तेल रात्री बेताने लावावे आणि सकाळी केस धुवावेत. स्कूटीवर जाताना मुली चेहऱ्याला स्कार्फ गुंडाळतात. जाड धूळ आणि ऊन यांपासून तो वाचवतो. मात्र तोच स्कार्फ आठवडाभर वापरला, तर आठवड्याची धूळ, घाम आणि तेल रोज गालांवर घासले जाते. तो रोज धुतलेला, सुती आणि सैल असावा. उशीचा अभ्राही आठवड्यातून दोनदा बदलावा.

मुरूम फोडू नयेत. खोल, दुखरे किंवा डाग सोडणारे मुरूम असतील तर डॉक्टरांकडे लवकर जावे. ॲडापॅलीन, बेन्झॉइल पेरॉक्साइड यांसारखी औषधे परिणामकारक आहेत, पण त्यांचा गुण दिसायला दोन ते तीन महिने लागतात. आठ दिवसांत चेहरा लख्ख करणाऱ्या मलमाकडे म्हणूनच संशयाने पाहावे. मुलीची पाळी अनियमित असेल, हनुवटीवर केस वाढत असतील, तर संप्रेरकांची तपासणी करून घ्यावी. तीव्र मुरुमांसाठी दिल्या जाणाऱ्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्यांनी गर्भाला गंभीर व्यंग येऊ शकते. लग्न ठरलेल्या किंवा नुकतेच झालेल्या मुलीने ही गोष्ट डॉक्टरांपासून लपवू नये, आणि घरच्यांनीही तिला लपवायला लावू नये.

आपल्यापासून हवेचे रक्षण

चेहरा धुणे हे अर्धे काम झाले. उरलेले अर्धे हवेचे आहे आणि तिथे जैन श्रावकाला नवीन काही शिकावे लागत नाही. आचारांग सूत्राच्या पहिल्याच अध्ययनात पृथ्वी, पाणी, अग्नी, वनस्पती आणि त्रस जीवांबरोबर वायुकायाचा विचार आला आहे. हवा ही निर्जीव पोकळी नसून तिच्यातही जीव आहे आणि तिला इजा करणे ही हिंसा आहे, असे तिथे सांगितले आहे. स्थानकवासी साधू-साध्वी मुखवस्त्रिका धारण करतात. ती पाहून बाहेरच्यांना वाटते की धुळीपासून बचावासाठीच ती असावी. प्रत्यक्षात तिचा हेतू नेमका उलटा आहे. हवेपासून माणसाचे नव्हे, माणसापासून हवेतील जीवांचे रक्षण व्हावे, म्हणून ती आहे.

व्यापार म्हटला की आरंभ-समारंभ आला आणि गृहस्थाला तो पूर्ण टाळता येत नाही. म्हणूनच श्रावकाच्या बारा व्रतांत अनर्थदंड विरमण व्रताला स्थान मिळाले. ज्या हिंसेने कोणाचेही काही साधत नाही, ती तरी टाळावी, इतकेच ते मागते. लिलावाच्या रांगेत किंवा गोदामाच्या दारात तासभर इंजिन चालू ठेवून उभा असलेला ट्रक कोणाचे काय साधतो? फाटक्या लेनो गोण्या आणि प्लास्टिकचे बारदान भंगारात देण्याऐवजी खळ्याच्या कोपऱ्यात जाळल्याने किती पैसे वाचतात? पंधरा कर्मादानांत अंगारकर्माचे नाव पहिले येते. उपजीविकेसाठीसुद्धा ज्या आगीला मर्यादा घातली गेली, ती निव्वळ आळसापोटी लावणे शोभत नाही. भगवान महावीरांच्या निर्वाणदिनी, दीपावलीला, फटाक्यांचा धूर करणेही याच हिशेबात येते.

करता येण्याजोग्या गोष्टी दुकानाच्या आवाक्यातल्या आहेत. माल उतरत असताना इंजिन बंद ठेवायला चालकाला सांगावे. स्वतःच्या गाड्यांची पीयूसी केवळ कागदापुरती करू नये. 1 एप्रिल 2020 पासून देशात बीएस-6 इंधन आणि वाहने आली. नवी मालवाहू गाडी घेताना जुनी, धूर ओकणारी गाडी गावातच दुसऱ्याच्या माथी मारू नये. गोदाम कोरड्या खराट्याने झाडून धूळ पुन्हा हवेत उडवण्यापेक्षा गाळलेल्या पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्याने पुसावे. पूंजणीने जमीन हलकेच पुंजण्याची यतना ज्यांच्या घरात आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. पापुद्रे आणि सडका कांदा जाळू नये. खड्ड्यात कुजवून त्याचे खत होते. घरातही बंद खोलीत धूप, अगरबत्ती आणि मच्छरची कॉइल एकाच वेळी जळू नये. फोडणीच्या वेळी खिडकी उघडी असावी.

एका गोष्टीकडे मात्र अधिक लक्ष हवे. खळ्यावर सकाळपासून संध्याकाळपर्यंत जमिनीवर बसून कांदा निवडणाऱ्या स्त्रिया, गोण्या उचलणारे हमाल आणि मापारी हे त्या धुळीत मालकापेक्षा कितीतरी अधिक काळ असतात. त्यांच्या मुलींनाही मुरूम येतात, पुरळ येते. त्यांच्यासाठी त्वचारोगतज्ज्ञाची फी म्हणजे एका दिवसाच्या मजुरीहून मोठी रक्कम असते. प्रतवारीच्या जागी वर छप्पर आणि बाजूंनी मोकळी हवा, तोंडाला बांधायला चांगले मास्क, हात-तोंड धुण्यासाठी नळ आणि साबण, वर्षातून एकदा त्वचेची व फुप्फुसांची तपासणी, एवढे जरी झाले तरी ते दानापेक्षा मोठे काम ठरेल. पर्युषणात समाजातर्फे आरोग्य शिबिरे भरतात. त्यांपैकी एखादे शिबिर स्थानकात न भरवता खळ्यावर भरवता येईल.

राहता राहिली आतल्या खोलीत बसलेली ती मुलगी. तिच्या चेहऱ्यावर जे आहे, त्यात थोडे वय आहे, थोडा वारसा आहे आणि थोडी गावाची हवा आहे. यांतले काहीही तिने ओढवून घेतलेले नाही. काकूंनी तिला चेहरा धुण्याबद्दल पुन्हा टोकू नये. आईने तिच्यासोबत डॉक्टरांकडे जावे आणि येताना तीन महिने धीर धरण्याची तयारी ठेवावी. परिचय संमेलनाची पुस्तिका त्याआधी छापायला जाणार असेल तर जाऊ द्यावी. फोटो आहे तसा पाठवावा.